दीड लाख वस्तीच्या बेटाला चार सिनेटर कशासाठी?

पंचवटीकर (विचारणा)

नमस्कार. नाशिकमधील आमच्या वाचक मंडळाने या महिन्याच्या चर्चेसाठी संघराज्यांतील वरिष्ठ सभागृहे हा विषय घेतला असून कॅनडाचा भाग माझ्या वाट्याला आला आहे. तयारी करताना मी एका आकड्यापाशी अडलो. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सर्वांत लहान प्रांत आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,५४,३३१ होती, म्हणजे आपल्या एकट्या मालेगाव शहरात २०११ सालीच या अख्ख्या प्रांताच्या तिपटीहून अधिक माणसे राहत होती. तरीही १०५ सदस्यांच्या कॅनेडियन सिनेटमध्ये या बेटाला चार जागा आहेत, आणि सुमारे ५० लाख वस्तीच्या ब्रिटिश कोलंबियाला केवळ सहा. बेटावर दर ३८ ते ३९ हजार लोकांमागे एक सिनेटर येतो, तर ब्रिटिश कोलंबियात सव्वाआठ लाखांहून अधिक लोकांमागे एक.

हा चारचा आकडा कोणत्या तत्त्वावर ठरला, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, हे सिनेटर लोक निवडत नाहीत आणि प्रांताचे विधिमंडळही निवडत नाही. मग त्यांना बेटाचे प्रतिनिधी म्हणण्यात कितपत अर्थ आहे? मंडळात कोणीतरी गोव्याच्या राज्यसभेतील एकुलत्या एका जागेशी तुलना करणार हे नक्की, तेव्हा त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

देवळालीकर

पंचवटीकर साहेब, हा आकडा सूत्रातून निघालेला नाही, तो सौद्यातून निघालेला आहे. आणि तो सौदा बेट कॅनडात सामील होण्याच्या नऊ वर्षे आधीच झालेला होता. सप्टेंबर १८६४ मध्ये संघराज्याची प्राथमिक बोलणी याच बेटाच्या राजधानीत, शार्लटटाउन येथे झाली आणि पुढच्याच महिन्यात क्वेबेक शहरात तपशील ठरला. वरिष्ठ सभागृहाच्या जागा प्रांतांना समान वाटायच्या नाहीत आणि लोकसंख्येवरही वाटायच्या नाहीत, तर विभागांना समान वाटायच्या, असा तोडगा तेथे निघाला. आजच्या ऑन्टारियोला २४, क्वेबेकला २४ आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या सागरी वसाहतींना मिळून २४. या शेवटच्या चोविसांपैकी नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक यांना प्रत्येकी दहा दिल्यावर जे चार उरले, ते बेटाचे. अमेरिकेप्रमाणे प्रत्येक प्रांताला सारख्याच जागा असाव्यात, असा आग्रह बेटाच्या शिष्टमंडळातील अँड्र्यू मॅकडोनाल्ड यांनी धरला होता, पण मोठ्यांपुढे त्यांचे चालले नाही.

बेट रुसून बाहेर राहिले आणि १८६७ मध्ये त्याच्याविनाच कॅनडा स्थापन झाला. मात्र त्याची जागा कायद्यात राखून ठेवली होती, आणि हा भाग मला फार लक्षणीय वाटतो. १८६७ च्या कायद्याने नोव्हा स्कोशिया व न्यू ब्रन्सविक यांना तात्पुरत्या बारा-बारा जागा दिल्या आणि कलम १४७ मध्ये नमूद केले की बेट संघराज्यात आले तर त्याला चार सिनेटर मिळतील आणि या दोन शेजाऱ्यांच्या जागा, जसजशा रिकाम्या होतील तसतशा, दहापर्यंत खाली येतील. पुढे बेटाने स्वतःची रेल्वे बांधायला घेतली, तिच्या कर्जाखाली तिजोरी वाकली आणि १ जुलै १८७३ रोजी बेट संघराज्यात दाखल झाले. म्हणजे बेटाला चार जागा मिळाल्या त्या शेजाऱ्यांच्या पानातून. ऑन्टारियो किंवा क्वेबेक यांना त्यासाठी काहीही सोडावे लागले नाही. लहान प्रांतांविषयी दाखवलेल्या औदार्याची ही दुसरी बाजू मंडळात जरूर सांगावी.

ब्रिटिश कोलंबियाच्या सहा जागांमागेही हाच विभागांचा हिशेब आहे. १९१५ मध्ये पश्चिमेकडील चार प्रांतांचा चौथा विभाग करून त्यालाही २४ जागा दिल्या आणि चौघांत सहा-सहा वाटल्या. त्या वेळी तो भाग विरळ वस्तीचा होता. नंतर अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया प्रचंड वाढले, पण वाटणी तीच राहिली, आणि पश्चिमेकडच्या लोकांची सिनेटवरील जुनी चीड मुख्यतः यातूनच आलेली आहे. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंडला विभागांबाहेर सहा आणि पुढे तिन्ही उत्तरी प्रदेशांना प्रत्येकी एक अशी भर पडून आजचा १०५ हा आकडा तयार झाला.

सिन्नरचा वाचक

देवळालीकरांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून असा समज होऊ नये की बेटाला चार जागा मिळाल्या म्हणजे त्याला चार माणसे मिळाली. सिनेटरची नियुक्ती गव्हर्नर जनरल पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतात. प्रांताच्या सरकारला विचारलेच पाहिजे, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. १९६५ पूर्वी ही नेमणूक तहहयात असे आणि आता ती वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत असते. ज्याला पुन्हा कोणाच्या दारात मत मागायला जायचे नाही, त्याने बेटावरच्या बटाटा उत्पादकाचे ऐकावे तरी कशासाठी? आपल्याकडे आमदार मुंबईला गेला की दिसत नाही अशी तक्रार असते. पण निदान पाच वर्षांनी तो दिसतो.

प्रांताशी नाते राहावे म्हणून घटनेने दोन अटी घातल्या आहेत. सिनेटर त्या प्रांताचा रहिवासी असावा आणि त्या प्रांतात त्याच्या मालकीची किमान ४,००० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता असावी. १८६७ मध्ये ही रक्कम मोठी होती, आज ती नाममात्र आहे. रहिवासाची अट किती ढिली असू शकते, हे याच बेटाच्या बाबतीत जगाने पाहिले. माइक डफी हे नामांकित दूरचित्रवाणी पत्रकार मूळचे बेटावरचे, पण त्यांची बहुतेक कारकीर्द राजधानी ओटावात गेली. डिसेंबर २००८ मध्ये त्यांची बेटाच्या वतीने सिनेटवर नेमणूक जाहीर झाली. त्यांचे मुख्य घर नेमके कोणते आणि ओटावातील निवासाचा खर्च त्यांनी सरकारकडून घ्यावा काय, यावरून २०१३ मध्ये मोठे वादळ उठले. खटला चालला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना सर्वच्या सर्व ३१ आरोपांतून निर्दोष सोडले. माझा मुद्दा त्यांच्या दोषाचा नाहीच. ‘रहिवासी’ म्हणजे कोण, हे जिथे दीडशे वर्षे कोणी धडपणे ठरवले नव्हते, तिथे प्रतिनिधित्व हे कागदावरचेच म्हणावे लागते.

आपल्याला हसण्याचा अधिकार आहे असेही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती करून राज्यसभेच्या उमेदवाराने त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढून टाकली गेली आणि पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आज देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. कॅनडाने अट ठेवली आणि ढिली पाळली. आपण ती सरळ काढूनच टाकली.

पंचवटीकर

दोघांचेही आभार. सिन्नरच्या मित्रांचे म्हणणे खरे धरले, तर मग प्रश्न उरतो की बेटाने हे चार सिनेटर इतक्या निष्ठेने का जपावेत. सिनेट बरखास्त करा, अशी मागणी कॅनडात वरचेवर होते, असे वाचले. बेटाचे त्यात नक्की काय जाईल?

गंगापूर रोड

बेटाचे काय जाईल याचे उत्तर सिनेटमध्ये शोधू नये, ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तेथील लोकनियुक्त कनिष्ठ सभागृहात सापडते. मी वकिली व्यवसायात असल्यामुळे या कलमांकडे माझे लक्ष गेले आणि तेव्हापासून मला हा संपूर्ण प्रकार घटनात्मक चातुर्याचा एक उत्तम नमुना वाटतो.

१८७३ मध्ये बेट आले तेव्हा त्याला कॉमन्समध्ये सहा जागा मिळाल्या. क्वेबेकच्या परिषदेत मोठ्या प्रांतांनी पाच देऊ केल्या होत्या आणि बेट रुसण्याची ती एक मोठी सबब होती, त्यामुळे सहा हा त्यांचा विजय होता. पण तो टिकणारा नव्हता, कारण कॉमन्सच्या जागा दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार नव्याने ठरतात. पश्चिमेकडे वसाहत वाढत होती आणि बेटावरची तरुण मंडळी बाहेर पडत होती. १८९१ मध्ये बेटाची लोकसंख्या १,०९,०७८ होती, ती १९११ मध्ये ९३,७२८ वर आली. सहाच्या पाच जागा झाल्या, पाचाच्या चार. सामील होताना कबूल केलेल्या जागा अशा काढून घेता येणार नाहीत, असा दावा घेऊन बेट सर्वोच्च न्यायालयात आणि तेथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयापर्यंत गेले. दोन्हीकडे हरले. १९११ च्या जनगणनेनंतर चाराचे तीन होण्याची वेळ आली.

तेव्हा १९१५ च्या घटनादुरुस्तीत एक लहानसे कलम घातले गेले. सिनेटमध्ये ज्या प्रांताच्या जितक्या जागा आहेत, त्यापेक्षा कमी जागा त्याला कॉमन्समध्ये कधीही असणार नाहीत, इतकेच त्यात म्हटले आहे. दुसऱ्या शब्दांत, १८६४ च्या वाटणीत शिल्लक राहिलेले ते चार सिनेटर अर्धशतकानंतर बेटाच्या लोकनियुक्त खासदारांची तळरेषा बनले. त्या दिवसापासून आजपर्यंत बेटाचे चार खासदार आहेत: कार्डिगन, शार्लटटाउन, एग्मंट आणि माल्पेक या मतदारसंघांतून. कॉमन्सच्या आताच्या ३४३ जागांचा विचार केला तर देशात सरासरी १ लाख ८ हजार लोकांमागे एक खासदार येतो आणि बेटावर ३९ हजारांहूनही कमी लोकांमागे एक. या नियमाविना बेटाच्या वाट्याला एक किंवा फार तर दोन खासदार आले असते.

आता बरखास्तीचा प्रश्न. १९८२ च्या घटना कायद्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. प्रांताच्या सिनेटरांची संख्या बदलायची असेल तर कलम ४२ नुसार संसदेबरोबर सात प्रांतांची संमती लागते आणि त्या सातांत देशाच्या लोकसंख्येचा किमान निम्मा भाग असावा लागतो. एकटे बेट तो बदल अडवू शकत नाही. मात्र १९८२ मध्ये असलेल्या सिनेटर-संख्येपेक्षा कमी खासदार न मिळण्याचा जो हक्क आहे, तो कलम ४१ खाली येतो आणि त्याला हात लावायला दहाच्या दहा प्रांतांची संमती लागते. म्हणून उद्या बेटाचे सिनेटर चाराचे दोन केले तरी खासदार चारच राहतील. त्यातही २५ एप्रिल २०१४ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेट सुधारणेबाबत सरकारने सल्ला मागितला असता असे मत दिले की सिनेट संपूर्णपणे रद्द करायलाही सर्व प्रांतांची संमती आवश्यक आहे. दीड लाखांच्या प्रांताला देशाचे वरिष्ठ सभागृह रद्द होण्यावर नकाराधिकार आहे, ही गोष्ट मोठ्या प्रांतांना खुपते, आणि त्यांचे खुपणे मला गैर वाटत नाही.

सिन्नरच्या वाचकांच्या आक्षेपाला एक पुरवणी जोडतो. २०१६ पासून सिनेटच्या नेमणुकांसाठी स्वतंत्र सल्लागार मंडळ आहे. इच्छुक नागरिक स्वतः अर्ज करतात, मंडळ नावे सुचवते आणि ज्या प्रांताची जागा रिकामी असेल तेथील सदस्यही त्या वेळी मंडळावर असतात. शिफारस पंतप्रधानांवर बंधनकारक नाही, तरीही प्रांताला यात पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळाली आहे.

गोदाकाठ

गोव्याच्या तुलनेबद्दल लिहितो, कारण तेथे लोक जागांची संख्या मोजतात आणि त्या भरण्याची रीत विसरतात.

आधी संख्या पाहू. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि नाशिक महानगरपालिका हद्दीची १४.८६ लाख, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्या. महाराष्ट्राला राज्यसभेच्या १९ जागा आहेत, तेव्हा आपल्याकडे साधारण ५९ लाख लोकांमागे एक जागा येते, म्हणजे जवळपास आपल्या सबंध नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येइतके (६१ लाख). उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ६४ लाखांच्या आसपास जाते. म्हणजे गोवेकराचे राज्यसभेतील वजन उत्तर प्रदेशातील नागरिकाच्या जवळपास साडेचारपट भरते. बेट आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्यातील तफावत मात्र एकवीसपटींच्या वर आहे, आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया व वायोमिंग यांच्यात ती अडुसष्टपटींपर्यंत जाते. आपल्या घटना समितीने मधला मार्ग धरला होता: पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांना एक जागा आणि त्यापुढे दर २० लाखांना एक. लहानाला थोडे झुकते माप द्यायचे, पण सगळ्यांना समान करायचे नाही, असा तो विचार.

आता रीत पाहू. राज्यसभेची निवडणूक आमदार करतात आणि ती प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने (प्रत्येक आमदाराचे एकच मत, पण पसंतीक्रमाने) होते. महाराष्ट्रात एका वेळी सहा जागांची निवडणूक असेल तर २८८ आमदारांत निवडून येण्यासाठी ४२ मतांचा कोटा पडतो, त्यामुळे विरोधी पक्षही आपला माणूस पाठवू शकतात. गोव्यात आमदार ४० आणि जागा एक, म्हणजे कोटा २१. प्रमाणशीर म्हणवणारी पद्धत तेथे निव्वळ बहुमताची होऊन जाते आणि विधानसभेत ज्याचे बहुमत त्याचाच खासदार सहा वर्षांसाठी दिल्लीला जातो. सिक्कीम, मिझोराम, नागालँड, मेघालय, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश या सर्व एकेका जागेच्या राज्यांत हेच घडते. तेथील विरोधी मताला वरिष्ठ सभागृहात आवाजच नसतो. बेटाच्या चार जागा वेगवेगळ्या काळी रिकाम्या होतात आणि वेगवेगळ्या पंतप्रधानांनी भरलेल्या असतात, त्यामुळे तेथे निवडणूक नसूनही मतांची काहीशी विविधता टिकते. माझ्या मते लहान प्रांतासाठी एक आणि चार यांतला मोठा फरक हाच आहे, लोकसंख्येच्या भागाकाराचा नव्हे.

ऑस्ट्रेलियाचाही एका वाक्यात उल्लेख करावा, कारण तेथे दोन्ही गोष्टी साधल्या आहेत. टास्मानियाला न्यू साउथ वेल्सइतकेच बारा सिनेटर आहेत, ते थेट लोकांतून प्रमाणशीर पद्धतीने निवडले जातात आणि मूळ राज्य म्हणून कनिष्ठ सभागृहात किमान पाच जागांची हमीही त्याला घटनेनेच दिली आहे.

पंचवटीकर

चर्चेला पुरून उरेल इतके मिळाले. एकच शेवटची शंका. लोकसभेच्या जागांची फेरवाटणी झाली तर दक्षिणेकडील राज्यांचे प्रमाण घटेल, ही चिंता आपण सारे ऐकतो. १९१५ च्या कॅनेडियन नियमासारखी तळरेषा आपल्याकडे घातली तर त्यांचे व लहान राज्यांचे रक्षण होईल का? मंडळात हा प्रश्न मलाच विचारला जाणार, अशी चिन्हे आहेत.

गंगापूर रोड

होणार नाही, आणि त्याचे कारण गोदाकाठ यांनी दिलेल्या आकड्यांतच आहे. राज्यसभेच्या जागांइतक्या तरी लोकसभेच्या जागा असाव्यात, असा नियम आज केला तर तो पहिल्याच दिवशी प्रत्येक राज्यात पाळलेला आढळेल. तमिळनाडूला राज्यसभेत १८ जागा आहेत आणि लोकसभेत ३९. केरळच्या ९ आणि २०. गोव्याची १ आणि २. सिक्कीम, मिझोराम व नागालँड यांच्या दोन्हीकडे एकेकच. तमिळनाडूच्या लोकसभेतील जागा कितीही घटल्या तरी त्या अठरापर्यंत येण्याची भीती कोणी बोलून दाखवलेली नाही, त्यामुळे ही तळरेषा त्यांच्या पायांच्या फार खाली राहील.

कॅनडात तो नियम लागू पडला याचे कारण तेथील सिनेट लोकसंख्येच्या प्रमाणापासून आधीच दूर गेलेले होते. आपली राज्यसभा बहुतांशी लोकसंख्येवरच बेतलेली असल्यामुळे तिचा आकडा लोकसभेतील घसरण रोखण्याच्या कामी येत नाही.

लहान राज्यांची सोय आपल्या घटनाकारांनी नव्हे, तर पुढील संसदेने १९७३ च्या ३१ व्या घटनादुरुस्तीने वेगळ्या ठिकाणी केली. लोकसंख्या आणि जागा यांचे गुणोत्तर सर्व राज्यांत शक्यतो सारखे असावे, असे अनुच्छेद ८१ सांगतो, पण ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना त्यातून सूट आहे. दक्षिणेकडील राज्यांना आतापर्यंत जे संरक्षण मिळाले ते गोठवणुकीचे: आधी १९७६ च्या ४२ व्या आणि मग २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांमधील वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवले आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते तसेच राहील, अशी तरतूद केली. मंडळात विचारले गेले तर माझी सूचना अशी की बेटाच्या चार सिनेटरांऐवजी १८९१ ते १९१५ या काळातील बेटाचा न्यायालयीन लढा त्यांना सांगावा. सामील होताना मिळालेल्या जागा कराराने संरक्षित आहेत की जनगणनेच्या अधीन, हाच वाद तेथे झाला होता, आणि न्यायालयात तो हरल्यावर बेटाला जे मिळाले ते राजकीय वाटाघाटीतून मिळाले.